माय, तुला ठाऊक होतं

माय, मी तुझी थोरली बोलते आहे. थोरली म्हणजे कोणती, असं आता विचारू नकोस. तुझं काही सांगता येत नाही. जिती होतीस तेव्हाही मला हाक मारायची झाली की आधी धाकटीचं नाव घ्यायचीस, मग मधलीचं, मग शेळीचं, आणि सगळ्यात शेवटी माझं. मी पुढ्यात येऊन उभी राहिले की विचारायचीस, "तू कायले आली वं?" दूध चुलीवर ठेवून अंगणात गप्पा मारत बसायचीस. डोक्यावर पदर असायचा आणि घरभर पदर शोधायचीस. सारं गाव हसायचं. सुईणबाई नाळ कापायला विसरत नाही हेच नशीब, म्हणायचं. मीही हसायचे. तुझं कोणतं विसरणं खरं आणि कोणतं सोंगातलं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून आज मी तुला आठवण करून देणार आहे, आणि तुला मधेच उठून चुलीकडे पळता यायचं नाही. तुझी चूल कुठे होती हेसुद्धा आता त्या गावात कोणाला सांगता येत नाही.

मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नव्हतं, म्हणजे आंधळीनं आंधळीला आरसा धाडावा तसं हे झालं, आणि हात मात्र नातीचा दुखतो आहे. मी आपल्या बोलीत बोलते, ती शाळेच्या भाषेत उतरवते. मी तिला म्हटलं, माझं बोलणं खुशाल नीटनेटकं कर, पण मायचं बोलणं मायसारखंच राहू दे, नाहीतर ती म्हणेल हे मी बोललेच नाही. तेवढी हुशारी तुझ्यात होती.

तुला तो उन्हाळा आठवतो का? आपला मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि नवे पैसे हातात आले होते, बाजारात बाया ते उलटून पालटून बघायच्या. माझं घर कळंबला. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. नवरा कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला, संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवर, मिशांवर कापूस बसलेला असायचा, जसा काही सकाळी तरुण गेला आणि दिवसभरात म्हातारा होऊन आला. पोरगं दीड वर्षाचं होतं आणि मला पुन्हा दिवस गेले होते. पोरगं म्हणजे नुसते डोळे. पहिली थंडी लागली तेव्हा त्याचे हातपाय सुजले ते मला अजून दिसतात: तळहात फुगून टम्म, बोटं गाजरासारखी, नुसता हात लावला तरी किंकाळी. दोन-चार दिवसांनी सूज उतरायची, मग ताप यायचा, मग डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे. नखं पांढरी. डाव्या कुशीत कडक गोळा. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि हिवतापाच्या कडू गोळ्या दिल्या. त्या काळी ज्याला त्याला हिवतापच व्हायचा. पोरगं चालत नव्हतं, बुडावर सरकत सरकत भिंतीपाशी जायचं आणि ओल्या सारवणाची माती चाटायचं. मी ओरडले की मातीनं भरलेल्या तोंडानं हसायचं. माझ्या पोटात एक आणि कडेवर एक. पाणी भरताना, भाकर थापताना, जळण आणताना ते कडेवरच. उतरवलं की रडायचं आणि रडलं की धाप लागायची, म्हणून मी उतरवतच नसे. एका बाजूने कंबर गेली होती, पण मला वाटायचं, माझ्या अंगाची ऊब लागते तोवर तो निजतो तरी. गरम पाण्यात फडकं पिळून त्याचे हातपाय शेकायचे. त्यानं बरं वाटायचं त्याला. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, त्याच्या तोंडाकडे पाहून मी शिकले होते.

मग तू आलीस. टोपलीत शिदोरी, वर पांढरं फडकं बांधलेलं. शेजारणींनी तुला ओळखलं, सुईणबाई आली म्हणून दोघी-तिघी पोट दाखवायलाही येऊन गेल्या. तू त्यांच्याशी हसलीस, बोललीस, मग दार लोटलंस आणि पोराला मांडीवर घेतलंस. त्याचा हात हातात धरून बोटं एकेक करून पाहिलीस. तेव्हा तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं होतं, माय. पण मी समजले की तुला दया आली. दया नव्हती ती. ओळख होती.

"हे वाळून राह्यलं ते पोटातल्यापायी," तू म्हणालीस. "पोटातलं याले आतून वढून राह्यलं. पोटुशी बाईची सावली आजारी लेकरावर पडली का ते उठत नाही. तू मोकळी होईस्तोवर मी ठेवतो याले माह्यापाशी."

"माह्याबिगर राह्यते का तो? माह्या कमरेवरून खाली उतरत नाही."

"म्हणूनच तं! उतरवाचं हाय त्याले."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दारात बसून मिशीतला कापूस काढत होता. त्यानं आयुष्यात तुला उलटून बोलायची हिंमत केली नाही, आणि त्या दिवशी तर तू जवायाला पहिली पोळी वाढली होतीस. "तुही माय सुईण हाय," तो म्हणाला. "तिले आपल्यापेक्षा जास्त समजते." झालं. दुसऱ्या सकाळी तू त्याला फडक्यात पाठीशी बांधलंस आणि मोटरीत बसलीस. त्याला वाटलं मीही येते आहे. मोटर हलली तेव्हा त्याचा चेहरा काचेला लागला आणि मग धूळच उरली. मी घरी येऊन रिकामी कड धरून बसले. भाकर थापायला दोन्ही हात मोकळे होते आणि मला भाकर थापता येईना.

तुझ्या शास्त्रात पोटुशी आईनं काय करायचं असतं ते सारं मी केलं. त्याचं नाव घेतलं नाही, त्याची वाकळ उन्हात घातली नाही, त्याच्या वाटेकडे पाठ करून बसायची. पोटात ते लाथ मारायचं आणि मला तुझे शब्द आठवायचे, की आतून ओढतंय. पोटावर हात ठेवायचीसुद्धा भीती वाटू लागली होती. काय दिलंस तू मला जाताना, माय? शिदोरी दिलीस आणि पोटातल्या लेकराबद्दलचा संशय दिलास. शिदोरी दोन दिवसांत संपली.

मग पोळ्याच्या आधी बांगड्यावाली आली. ती बोरी अरबचा बाजार करायची, तुमच्या गावातून जायची आणि आमच्याकडेही यायची. तिनं माझा हात तेलानं चोळला, अंगठा आत दाबला आणि हिरवी बांगडी चढवता चढवता सहज म्हणाली, "तुहा हात मऊ हाय वं. तुह्या पोट्ट्याचे हात पाह्यले मी परवा. बिब्बे घातले तुह्या मायनं. मनगटाले, घोट्याले, पोटाले. फोडं आले टराटरा. पण निजते म्हणते आता." बिब्बा म्हणजे काय ते मला माहीत होतं. त्याचं तेल दाभणानं कातडीवर लावलं की कातडी जळते, मोठ्या माणसाला सोसत नाही. मी हात ओढून घेतला आणि दोन बांगड्या तिथेच फुटल्या. ती म्हणाली, अवं, पोटुशीनं बांगडी फोडू नये. मी म्हटलं, पोटुशीनं आणखी काय काय करू नये त्याची यादी माह्या मायजवळ हाय, तिलेच इचार.

नवरा जिनात होता. त्याला सांगायला मी थांबले नाही, शेजारच्या चाचीला सांगून निघाले. मोटरीनं यवतमाळ, तिथून दारव्ह्याकडे जाणारी छोटी गाडी. ती गाडी एवढी हळू चालायची की लोक उतरून बोरं वेचून परत चढायचे, आणि त्या दिवशी मला वाटत होतं खाली उतरून मागून ढकलावी. स्टेशनपासून पायी. पावसाची उघडीप होती, काळी माती पायाला चिकटून चिकटून चप्पल जड झाली तेव्हा मी ती हातात घेतली. पोट पुढे, श्वास वर. वाटेत एक गाडीवाला म्हणाला, बस बाई, नेतो. मी बसले आणि त्याला विचारलं, दादा, एका आईनं दुसऱ्या आईचं लेकरू ठेवून घेतलं तर त्याला काय म्हणतात? त्या बिचाऱ्यानं बैलांची शेपटी पिळली.

तुझ्या अंगणात पोचले तेव्हा ऊन उतरतीला लागलं होतं आणि माझ्या पाठीशी होतं. माझी सावली लांबच लांब अंगणभर पडली होती, तुझ्या उंबरठ्याकडे जात होती. तू दारात आलीस आणि ती पाहिलीस. मला नाही पाहिलंस, आधी सावली पाहिलीस.

"तिथंच थांब! पुढे येऊ नको. निंबाखाली बस."

तू मला निंबाखाली बसवलंस, म्हणजे झाडाच्या सावलीत माझी सावली वेगळी उरणार नाही. दारावर तुझं हिरवं लुगडं आडवं बांधलंस. लुगड्याच्या पलीकडे माझं पोरगं होतं. त्याला माझा आवाज ओळखू आला असणार, कारण आतून एक हुंकार आला, रडणं नाही, जसं कोणी विचारतंय की आहे का तिथे. आणि मी, मूर्ख, तोंडावर पदर धरला, की माझा आवाजही त्याला बाधू नये. एवढं तुझं राज्य माझ्यावर होतं.

आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाबांची ही बहीण, विधवा होऊन आपल्याकडे राहिलेली, पोटात कोणतीही गोष्ट न ठरणारी. ती माझ्याजवळ टेकली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पाणी पी वं. रडू नको. तुह्या दोघा भावाह्यचे हात बी असेच टम्म फुगत. त्याह्यले बी बिब्बे घातलते, काय उपेग झाला?"

"कोणचे भाऊ?" मी म्हटलं. आम्ही तर तिघी बहिणी. मी थोरली. मी जन्मल्यापासून थोरली.

आत्यानं तांब्या खाली ठेवला. लुगड्याआडून तू ओरडलीस, "तुहं तोंड लय चालते वं!" आणि बाहेर आलीस, तेव्हा तुझे हात बिब्ब्याच्या तेलानं काळे होते. मी विचारलं, कोणचे भाऊ. तू इकडे तिकडे पाहिलंस, शेजारचं दार बंद आहे ना ते पाहिलंस, आणि खालच्या आवाजात बोललीस. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात विसराळूपणाचा लवलेश नव्हता.

"दोन होते तुह्या आधी. दोघंबी असेच. चालू लागले का हात सुजत, मग पोट वाढे, मग संपले."

"अन् मले सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं तं तुले केलं असतं कोणं? ज्या घरचे पोरं सुजून सुजून मरतात, त्या घरची पोरगी कोण नेते? तुह्या पाठच्या दोघी अजून उजवाच्या हायेत. आवाज करू नको."

"अन् माह्यं पोरगं?"

तू माझ्या पोटाकडे पाहिलंस. "पोटातलं सांभाळ," म्हणालीस. "हे काही राह्यत नाही. मी दोन पाह्यले. एक जाईन तं एक येईन."

माय, त्यानंतर माझ्या आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ वाईट बोलले. जिनाचा मुकादम बोलला, सोयरे बोलले, माझा नवरा दारू पिऊन एकदा बोलला होता तेही मी ऐकलं. ते सारं मी धुऊन टाकलं. तुझं हे एक वाक्य मात्र मी कुठेही टाकू शकले नाही. एक जाईन तं एक येईन. जसं काही चुलीवरची भाकर करपली म्हणून दुसरी टाकायची आहे. गावभरच्या बाया तुझ्या हातावर बाळंत झाल्या, जे लेकरू रडत नव्हतं त्याला तू उलटं धरून, पाठीत थापटून, तोंडानं वारा देऊन जगवायचीस, दुसऱ्याच्या लेकरासाठी घामाघूम व्हायचीस. आणि माझ्या लेकरासाठी तुझ्याजवळ काय होतं? बिब्बा, आणि आडवं लुगडं.

मी उठले. ऊन पाठीशी होतं आणि मी निंबाखालून बाहेर आले तशी माझी सावली माझ्यापुढे चालत गेली. ती तुझ्या पायांवर पडली, मग तुझ्या छातीवर, आणि तू बाजूला झालीस. खरंच झालीस, माय. माझ्या हाताला नाही भ्यालीस, सावलीला भ्यालीस. मी लुगडं ओढून खाली पाडलं. तो वाकळेवर पडला होता, मनगटांना चिंध्या बांधलेल्या. मला पाहून रडला नाही. दोन्ही चिंध्यांचे हात वर केले, उचल म्हणून. मी त्याला कडेवर घेतलं, तेव्हा पोटातलं जोरात हललं आणि त्याचा पाय नेमका तिथेच टेकला. दोघं माझ्यात असे एकमेकांना लागून होते आणि मला कळलं की कोणी कोणाला ओढत नाही. ओढत होतो ते आपण मोठे.

"नेतं तं ने," तू म्हणालीस. "पण बाळंतपणाले मले बोलावू नको."

"नाही बोलावत," मी म्हटलं.

साऱ्या जन्मात कधी कोणतं बोललेलं तुझ्या लक्षात राहिलं नाही. हे एवढं मात्र राहिलं. तू आली नाहीस. दिवाळीनंतर माझे दिवस भरले, नवरा दोनदा म्हणाला निरोप धाडतो, मी दोनदा नाही म्हटलं, आणि तरीही कळा सुरू झाल्यावर मी दाराकडेच पाहत होते. आली ती शेजारची चाची. तिचा नवरा जिनातलं इंजिन दुरुस्त करायचा, तिला आठ लेकरं, आणि सुईणपणाचं तिला एवढंच माहीत होतं जेवढं आठ वेळा स्वतः सोसल्यावर कळतं. कोणी म्हणालं, पोराला बाहेर न्या, आजारी आहे, त्याला हे दिसू नये. चाचीनं कमरेला दुपट्टा खोचला आणि म्हणाली, "कायकू बाहर निकालना? माँ चिल्लाएगी वो सुनेगा, तो बहन रोएगी वो भी सुनेगा. बैठने दो." तो कोपऱ्यात बसला आणि भिंतीची माती चाटत माझ्याकडे पाहत राहिला. पोरगी झाली. चाचीनं ती पुसून माझ्याजवळ ठेवली, तर हा बुडावर सरकत सरकत आला आणि त्यानं आपला सुजरा हात तिच्या मुठीवर ठेवला. तिनं त्याचं बोट धरलं. मला वाटलं, आता हा वाळेल. त्यानं बोट सोडवून घेतलं आणि तिच्या नाकात घातलं. चाची हसून हसून आडवी झाली.

तरी तू गेली नाहीस माझ्या घरातून. त्याला ताप भरला की मी पाळण्याकडे पाहायची. पोरगी गुबगुबीत होत चालली, हा काडीसारखा, आणि मनात तुझा आवाज यायचा, पाह्य, म्हटलं नव्हतं? मग मी मुद्दाम दोघांना एका वाकळेवर निजवायची. एकाला दूध, एकाला पेज, एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर एक. लोकांना वाटायचं काय माया आहे. माया होतीच, पण अर्धा राग होता, तुला दाखवायचं होतं. तू पाहायला आली नाहीस. मी बोलावलं नाही, तूही आली नाहीस, आणि मग एके दिवशी निरोप आला तो तू गेल्याचाच.

मी दोघांना घेऊन आले. पोरगं तोवर चालत होतं, तुझ्या अंगणातून स्वतःच्या पायांनी चालत येऊन तुझ्यापाशी उभं राहिलं. मी तुझ्या कानाशी वाकून सांगणार होते की बघ, हे राह्यलं. बायकांना वाटलं मी रडते आहे आणि त्यांनी मला मागे ओढलं. त्या दिवशी आत्या मला परसात घेऊन गेली. म्हणाली, "तिच्यावर राग नको धरू. दुसरा गेला तवा तू पोटात होतीस. तिच्या मांडीवर गेला तो. पोट पुढे, मांडीवर मेलेलं लेकरू, अन् कोणी उचलाले नाही. तवापासून तिनं ठरवलतं, माह्या पोरीवर ही पाळी आली तं ते मी माह्या घरी नेऊन करीन." म्हणजे तू त्याला जगवायला नेलंच नव्हतंस. माझ्या डोळ्यांआड मरू द्यायला नेलं होतंस. आत्याला वाटलं हे ऐकून माझा राग विरघळेल. मला समजलं, माय, सारं समजलं; तुझ्या त्या मांडीचा विचार करून मी कितीदा उठून बसले आहे. पण समजलं म्हणजे राग गेलाच पाहिजे असं कोणी ठरवलं? माझ्याजवळ दोन्ही आहेत. जागा भरपूर आहे.

कारण तू नुसती माझ्याशी गप्प नाही राहिलीस. धाकटीशीही राहिलीस. तिला लेकरं झाली आणि तिचीही दोन तशीच गेली, हात सुजून, डोळे पिवळे होऊन. सासरच्यांनी तिला लेकरं खाणारी म्हणून परत धाडली. ती माझ्या ओट्यावर बसून विचारायची, "बाई, माह्यात काय खोट हाय वं?" तेव्हा मी तिला आपल्या भावांबद्दल सांगितलं. तू तिला उजवायचं म्हणून तोंड शिवलं होतंस ना? उजवली. काय उजवली.

आणि आता ही नात, त्याच पोरीची पोर जिनं भावाचं बोट धरलं होतं. नर्सबाई आहे, गावोगाव फिरून लोकांचं रक्त तपासते. तिनं मला समजावून सांगितलं, अगदी भाकरीच्या पिठासारखं मळून मळून. म्हणे हे रक्तातलंच असतं. थोडं आईकडून येतं, थोडं बापाकडून, आणि ज्या लेकराला दोन्हीकडून आलं त्याचं रक्त आत अडतं, म्हणून सूज, म्हणून कळा. ज्याला एकीकडूनच आलं ते माझ्या पोरीसारखं धडधाकट. सिकलसेल म्हणतात. आपल्या भागात घरोघर आहे. कोणाची सावली नाही, कोणाचं पोट नाही, कोणाची खोट नाही. आधी ठाऊक असलं तर लग्न ठरवतानाच दोघांचं रक्त पाहता येतं. तिनं हे सांगितलं तेव्हा मी जात्यावर हात आपटला. ठाऊकच तर होतं! नाव ठाऊक नव्हतं, रक्त ठाऊक नव्हतं, पण या घरची लेकरं अशी जातात हे तुला ठाऊक होतं, आणि जे ठाऊक होतं ते तू चुलीच्या राखेत दाबून टाकलंस. मागच्या महिन्यात हिच्यासाठी पाहुणे आले होते. पोरीच्या पाठी मला आणखी एक पोरगा झाला, त्याच्या बायकोनं, माझ्याच सुनेनं कुजबुज केली, आता त्यांच्यापुढे रक्ताचं काढू नका. मी पाहुण्यांचा चहा यायच्या आधीच काढलं. तुझ्या दोघांचं, माझ्या एकाचं, धाकटीच्या दोघांचं, सारं. पाहुण्यांचा चेहरा उतरला. मुलगा मात्र म्हणाला, मी तपासून येतो. आला तर आला, नाही आला तर नाही. पण त्या ओट्यावर लुगडं आडवं बांधलं गेलं नाही.

तू ज्याला राह्यत नाही म्हणालीस, तो राहिला, माय. मिशी फुटेपर्यंत राहिला. शाळेत गेला, वाचायला शिकला, मला पेपर वाचून दाखवायचा आणि मधेमधे आपल्या मनानं बातम्या घालायचा, की आज कळंबच्या एका बाईनं मुकादमाला झाडूनं हाणलं. शेतात जाणं त्याला झेपत नव्हतं, म्हणून कपडे शिवायचा. थंडीत हात सुजले की मशीन बंद, आणि मी फडकी पिळत बसायची. वर्षं आजारातच गेली, पण वर्षं होती ती. त्याची होती. तू ती हिशेबातच धरली नव्हतीस. एका पौषात छातीत कळ आली आणि तो गेला. माझ्याच मांडीवर.

आता एक सांगायचं राहिलं आहे, ते सांगते आणि पुरे करते. तो गेला तेव्हा माझ्या तोंडून पहिली हाक निघाली ती देवाची नव्हती, त्याच्या बापाची नव्हती. मी "माय वं" म्हणून ओरडले. सारी गल्ली जमा झाली. मला तेव्हाही तुझा राग होता, आजही आहे, आणि हाक तुलाच गेली. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

नात विचारते, पाकिटात घालू का? मी म्हटलं, नको. तू आहेस तिथे तुला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवायला तिथे एकच जण आहे. तू त्याच्याबद्दल काय बोलली होतीस ते मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याच्याच तोंडून तू ते ऐकावंस, एवढी दुष्ट मी नाही. राहू दे पत्र पेटीत, लुगड्यांच्या खाली.

पोरी, आता लिहू नको, नुसतं ऐक. लिहितेच आहेस का? लिही मग. उद्या अक्षय तृतीया, आपली आखाजी. गच्चीवर पितरांची पानं धाडशील तेव्हा त्याचं पान वेगळं वाढ, आंब्याचा रस आणि काडीवर वळलेले सरगुंडे भरपूर, मिरची नको, ती त्याला कधीच चालली नाही. तुझ्या पणजीच्या पानावर वरण, भात, वडे, कढी. तिला तूपही वाढ. पण मी पाहत नसेन तेव्हा.